लंडनचा गुच्छ आणि आपला बांध

श्री अंबाबाई प्रसन्न
मंगळवार पेठ, कोल्हापूर

तीर्थस्वरूप सौ. आक्कांस,

धाकट्या जावेचा, म्हणजे शालनचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आराम पडला का? भावजींचा खोकला कसा आहे? फोन केला की भावजी उचलतात आणि माझा आवाज ऐकून ठेवतात, म्हणून हे पत्र. ते तरी ठेवायच्या आधी उघडावं लागतं.

यशराजच्या लग्नाला तुम्ही दोघं आला नाहीत. का, ते मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे आणि गारगोटीच्या बाजारातल्या भाजीवालीलाही ठाऊक आहे. मळ्याच्या बांधावरचा तो एक दगड! भावजी म्हणतात, दगड आणि त्याच्या कडेची उसाची सरी आमची. आमचे हे म्हणतात, आमची. 'जीव गेला तरी सरी सोडणार न्हाय' हे दोघांनीही म्हटलं. एका आईची लेकरं, भांडणाचे शब्दसुद्धा वेगळे काढले नाहीत. पण त्या सरीपायी माझ्या लेकावर अक्षता टाकायला सख्खा चुलता नव्हता, हे काही बरं झालं नाही.

आता गावाकडं लग्न कसं झालं ते सांगते. गावातल्यांनी सांगितलंच असेल, पण ते तिखटमीठ लावतात. वर्षाराणीनं (सून गुणाची आहे, नावातच राणी आहे त्याला आम्ही काय करणार) मोबाईलवर शंभर वर्षांपूर्वीच्या लंडनच्या राजपुत्राच्या लग्नाची फिल्म बघितली आणि म्हणाली, "आई, आपलं लग्न असंच." मी म्हटलं, "पोरी, त्यांनी आपल्यावर राज्य केलं ते केलं, आता लग्नंसुद्धा त्यांचीच करायची होय?" तर म्हणते, "त्यांनी कोहिनूर नेला, आपण निदान केक तरी आणू की." झालं, केक ठरला. तिकडचा केक माणसापेक्षा उंच होता म्हणे. मी केकवाल्याला बाजूला घेतलं आणि वरचा एक मजला खरा, खालचे सगळे थर्माकोलचे, असं ठरवलं. (जे तोंडात जाणार नाही ते भाजायचं कशाला?) पण मान म्हणून नवरीच्या मामांना सुरी दिली, तर त्यांनी नेमका खालचा मजला कापला आणि भिडस्त माणूस, "झकास हाय" म्हणत तुकडा गिळला. अजून तब्येत बरी आहे, अंबाबाईची कृपा. नवरीला पांढऱ्यात बघून शेजारच्या चिमणाबाईनं "आगं बया, कोण गेलं?" म्हणून पदर डोळ्याला लावला. शेवटी तो शालू हळदीच्या पाण्यातून काढला, तेव्हा कुठं बाया रडायच्या थांबल्या.

पण खरी गोष्ट गुच्छाची. त्या लंडनच्या नवरीचा भाऊ लढाईत गेला होता. म्हणून तिनं चर्चमध्ये शिरल्यावर हातातला गुच्छ एका अनाम सैनिकाच्या समाधीवर ठेवला. हे ऐकून मात्र माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. वर्षाराणीचे आजोबा पलटणीतले, तिलाही तसंच करायचं होतं. मी म्हटलं, मारुतीच्या आवारात वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या वीराचा दगड, तिथं ठेव. तर आवाराला कुलूप आणि गुरव किल्लीसकट बेपत्ता. (तो मांडवात केक बघत उभा होता, हे मागाहून कळलं.) मुहूर्त टळायला आलेला. मांडव मळ्यातच होता, तिकडं वळलो, तर फोटोवाल्याला बांधावरचा दगड दिसला. "ताई, ह्याच्यावर बी कुणाचं नाव न्हाय. आन् उजेड बी झ्याक हाय." झालं! वर्षाराणीनं गुडघे टेकले, गुच्छ ठेवला, डोळे मिटले.

मागून येणाऱ्या वऱ्हाडाला लंडन काय ठाऊक? फूल वाहिलेल्या दगडापुढून आपल्यात कोरडं कोण जातं? चिमणाबाईनं हळदकुंकू वाहिलं, तिच्या मागचीनं नारळ फोडला. "देव कुठला म्हणायचा गं ह्यो?" "सोल्जरबाबा हाय म्हणं." अक्षता पडेपर्यंत शेंदूरही आला. आमचे हे मांडवातून धावत गेले, "आरं, ती हद्द हाय, हद्द!" तर ज्ञानू गडी हात जोडून म्हणाला, "व्हय मालक, बाबाचीच हद्द."

तेव्हापासून गुरुवारी रीघ लागते. ज्ञानूची हरवलेली म्हैस दुसऱ्याच दिवशी सापडली (ती दर आठवड्याला हरवते आणि सापडते, पण या वेळी नवस होता). कबनूरहून कुणी यंत्रमाग नीट चालावेत म्हणून येऊन गेलं. मीही दिवा लावून आले. देव आहे की नाही ते ठरवणारे आपण कोण, आणि तेल तिथं होतंच.

तर आक्का, राग सोडा. थोरल्या जावेनं ओटी भरल्याशिवाय सून घरात आल्यासारखी वाटत नाही. ती रोज विचारते, "मोठ्या आई कधी येणार?" मी काय सांगू?

तुमची,
शालन

ता. क. : तो दगड तुमचाच आहे, सरीसकट. यांनी स्वतः कबूल केलंय. झालंय असं, की बाबापुढं डोकं टेकायचं आणि जाताना उसाचं एक कांडं प्रसाद म्हणून मोडून न्यायचं, अशी रीत पडली आहे. कारखान्याची तोड यायच्या आधी भक्तांची तोड आली! हे काठी घेऊन बसले, तर लोक त्यांच्याच पाया पडून ऊस नेतात. दगड तुमचा ठरला, की वाटही तुमच्या उसातून जाईल. पुण्य थोरल्या घरीच शोभतं. भावजींना तेवढं लवकर मनावर घ्यायला सांगा.

ता. क. दुसरा : भावजींना वाचून दाखवताना वरचं सगळं गाळा. "तुमचंच बरोबर होतं" एवढंच मोठ्यानं वाचा. धाकट्या भावाकडून हे ऐकायला ते जन्मभर थांबलेत. आणि हे आता खरंच म्हणालेत, माझ्यादेखत, डोळे पुसत. (उसासाठी की भावासाठी, ते मी विचारलं नाही.)

ता. क. शेवटचा : सरपंच बाबापुढं दानपेटी ठेवायचं म्हणतात. तसं झालं तर पहिला ता. क. रद्द समजा, बांधाची सरकारी मोजणीच होऊ द्या. ओटीला मात्र याच. नारळ विकत घेऊ नका, बाबापुढं ढीग पडलाय.