एकोणचाळीस नंबरच्या जागेचा खुलासा

प्रिय लेमदादास, मावसभाऊ अल्वाचा मिसुरीहून वाकून नमस्कार (कंबर परवानगी देईल तितकंच वाकून). तुझा गुडघा कसा आहे? ओरेगॉनची ओल त्याला मानवत नसणार. इथे ओकची पानं गळू लागलीत, आणि शाळेत बाईंनी पाठ करून घेतलेली ती शरदाची कविता सारखी ओठांवर येते.

मी सांभाळतो त्या आपल्या दफनभूमीची तपासणी करायला राज्याच्या मंडळाकडून मिस ट्रिंबल आल्या होत्या. मागच्या वर्षी मला एक ताकीद मिळालेलीच आहे (फाटकावर मी कवितेच्या चार ओळी रंगवल्या होत्या, मंडळाच्या मते ती विनापरवाना जाहिरात). आता परवाना गेला तर जमीन ज्या कंपनीकडे जाईल, ती गवत कापायचं यंत्र सरळ फिरावं म्हणून उभे दगड आडवे करते. माझ्या डेल्फियाचा दगड उभा आहे, संसारात ती होती तसाच ताठ. म्हणून मी फार सांभाळून बोलत होतो. तरी ओकखाली एक कडवं निसटलंच, आणि ट्रिंबलबाईंनी वहीत ‘तपासणीदरम्यान पद्य’ अशी नोंद केली.

मग त्या म्हणाल्या, रिकाम्या जागा खरंच रिकाम्या आहेत का ते दाखवा. होबार्टने (अजून तोच खड्डे खणतो) लोखंडी सळई आणली आणि नेमकी एकोणचाळीस नंबरात खुपसली. म्हणजे तुझ्या जागेत. तू तीस वर्षांपूर्वी घेऊन ठेवलीस ती. दगडावर तुझं नाव, जन्मसाल आणि पुढे नुसती रेघ. चार फुटांवर सळई थांबली. ठक्क.

“पेटी आहे,” होबार्ट म्हणाला.

“खडक असेल.”

“म्हातारबा, चाळीस वर्षं खणतोय मी. खडक असा पोकळ वाजत नाही. तूच पुरलंस का कुणाला, कविता म्हणता म्हणता?”

मी बाईंना सांगितलं की जागेचा मालक ओरेगॉनात आहे, चांगला हिंडता-फिरता. त्यांनी विचारलं, शेवटचं बोलणं कधी झालं? दादा, मला आठवेना. तेवढ्यात पुन्हा ठक्क झालं. होबार्टने सळई केव्हाच सोडली होती. दोन्ही हात खिशात होते त्याचे. बाईंनी तेही लिहून घेतलं. कोणत्या रकान्यात, ते विचारायचं मला धैर्य झालं नाही.

उघडून बघावं, तर कायद्याने मालकाची लेखी संमती लागते. मालकच आत असेल तर ती कुणी द्यायची, याचं कलम बाईंनाही सापडलं नाही. चौदा तारखेला मंडळापुढे सुनावणी आहे. आरोप, नोंद न करता दफन.

वहिनींना नमस्कार. पायात लोकरी मोजे घालत जा.

तुझा,
अल्वा

ता. क. ‘मी जिवंत आहे आणि एकोणचाळीसमध्ये नाही’, एवढं नोटरीसमोर सही करून चौदाच्या आत पाठव.

ता. क. २. तसं लिहिणं शक्य नसेल, तर संकोच करू नकोस, फक्त दफनाची तारीख कळव. मग ती नुसती राहून गेलेली नोंद ठरते, आणि तेवढ्यावर परवाना जात नाही असं होबार्ट म्हणतो.

ता. क. ३. या पत्राच्या दोन प्रती केल्यात. एक टपालात टाकली. दुसरी एकोणचाळीसवर दगडाखाली ठेवली आहे. जी आधी मिळेल तिचं उत्तर दे.