अंबाड्याखालचा खळगा

आई, १९९४च्या संक्रांतीला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, सांगलीच्या स्वयंपाकघरात तू माझा अपमान केलास. मी दाराशी तिळगुळाचं ताट घेऊन उभी, आणि तू शेजारच्या काकूंना सांगत होतीस, "कसली बोटं नि कसलं काय! डोकं होतं तस्संच ठणकतं. पण साताऱ्याहून एवढी धडपडत येते, म्हणून आपलं म्हणायचं, बरं वाटलं."

दोन वर्षं, आई. दर शनिवारी, शाळेत शिकवून झालं की एसटीने.

ॲक्युपंक्चरच्या डॉक्टरांकडे तुला मीच नेलं होतं. केस सोडा म्हणाले, तर तू ताठ. "मी काय न्हाव्याकडे आलेय?" मग त्यांनी माझ्या मानेवर दाखवलं, कॉन्व्हेंटपासून माझे केस आखूडच. कवटीच्या कडेखाली, दोन स्नायूंच्या मध्ये, दोन्हीकडे एकेक खळगा. चिनी लोक त्याला वाऱ्याचं तळं म्हणतात. अर्धशिशी, आखडलेली मान, जड डोळे, चक्कर, या सगळ्यावर तिथे सुई देतात. सुई नको तर अंगठ्याने दाबा. त्यांनी दाबलं आणि माझ्या डोळ्यांमागे खरंच कुठेतरी पाणी हललं.

मी पोचते तेव्हा दिवेलागण झालेली असते. तू पाटावर, मी मागे खुर्चीत.

"अंबाडा सोड."

"तिन्हीसांजेला केस मोकळे? मडमांच्या शाळेत घातली, तिथंच चुकलं!"

म्हणून अंबाड्याच्या खाली दाबायचं. तुझा श्वास लांबत जातो, अंधार हळूहळू भांड्यांवर उतरतो, अंगठे माझे की आणखी कुणाचे हेही कळेनासं होतं.

संक्रांतीनंतर मी तणतणत डॉक्टरांकडे गेले. "कुठे दाबता, दाखवा," म्हणून त्यांनी स्वतःची मान पुढे केली आणि हसले. "बाई, तुम्ही चांगलं दोन बोटं खाली दाबताय!"

हे मी तुला कधीच सांगितलं नाही. एखाद्या रविवारी सकाळी, उजेडात, तुझे केस सोडता आले असते. पण मग चूक कबूल करावी लागली असती. तू जाईपर्यंत मी तिथेच, दोन बोटं खाली, दाबत राहिले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही; खणातच राहील. तरीही डॉक्टरांनी माझ्या मानेवर दाखवलं तेव्हा तू शेजारी बसून बघत होतीस. माझं ठिकाण चुकतंय, हे तुला माहीत होतं का? येत्या शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत उत्तर हवं. लेखी. हो की नाही, एवढंच.