आवाजाची ओळ

दिवेआगर, १४ जुलै २०२४

चि. आश्लेषा हिस आजी-आजोबांचे अ. उ. आ.

तुझा फोन आला, पण मला नुसती घूंघूं ऐकू आली. मी आपलं 'हो, हो' म्हणत राहिलो. तुझी आजी म्हणते, कशाकशाला हो म्हटलं ते देव जाणे! तेव्हा तू पत्रच लिही.

बोटीच्या इंजिनाचे भाग पाठ होत नाहीत, एवढं आजीने मला ओरडून सांगितलं. अगं, चालीशिवाय पाठ होईलच कसं? शाळेच्या खिडकीबाहेर पोफळी डोलायच्या आणि आमचा सबंध वर्ग त्यांच्याबरोबर डोलत कविता म्हणायचा. अजून शब्द सांडलेला नाही. म्हणून तुझ्या पुस्तकावरून अभंगच रचलाय:

पिस्टन हा डोले, सिलिंडरपोटी,
दांडा त्याच्या पाठी, क्रँक फिरे.

पुढची कडवी सोबत आहेत. आगरदांड्याच्या बोटी दुरुस्तीच्या कारखान्यात लागलीस, तर रोज संध्याकाळी फेरीबोटीने दिघीला उतरून घरी जेवायला येशील. नोकरी नाही लागली, तर दिवाळीनंतर कायमची आत्याकडे बोरिवलीला, हे अनीशने पुन्हा बजावलंय. तुझ्या बापापुढे माझं काय चालतं?

लोभ आहेच, फोनवर नाही तरी कागदावर.
आजोबा

अलिबाग, २ सप्टेंबर

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

मी प्रशिक्षण केंद्रात पहिली आले! परीक्षक भाग विचारत होते, मी चालीत सांगत होते, शेवटी तेही टेबलावर ताल धरायला लागले. आंघोळीच्या रांगेतसुद्धा मुली तुमचा अभंग म्हणतात.

इंजिन मात्र आमचं उभं कापलेलं, आतून लाल-निळं रंगवलेलं. हँडल फिरवलं की सगळं हलताना दिसतं. अर्धंच असल्यामुळे ते चालू होत नाही. चालणारं येणार, येणार म्हणता कोर्स संपला. सोमवारी आगरदांड्याला चाचणी आहे. आजीला नमस्कार.

तुमची,
आश्लेषा

दिवेआगर, ६ सप्टेंबर

चि. आश्लेषास अ. उ. आ.

अनीशने दोन दिवस बोरिवलीचं नाव काढलेलं नाही! मी दिघीला जाऊन संध्याकाळच्या बोटीची वेळ विचारून आलो. आजी म्हणाली, आधी पोरीला नोकरी तर लागू दे. तिला काव्य कळत नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
आजोबा

अलिबाग, ११ सप्टेंबर

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

नाही झालं, आजोबा.

कारखान्याच्या सदा मिस्त्रींनी इंजिन सुरू केलं आणि मी दचकून मागे सरले. इतक्या जवळून एवढा आवाज असतो, हे मला माहीतच नव्हतं. चारातला एक सिलिंडर काम करत नाहीये, ऐकून सांग कुठला, असं ते म्हणाले. मला सगळे सारखेच वाटले. मी भाग म्हणायला लागले. ते हसले नाहीत. पोरी, पाठ लय झ्याक हाय, पन ह्ये आयकलंच न्हाय कधी तू, एवढंच म्हणाले. आधी कुठेतरी ऐकून ये, मग बघू, असंही म्हणाले. कुठे ऐकू?

केंद्राच्या नूतन मॅडमनी मला इथेच शिकवायला ठेवायचं ठरवलंय. म्हणतात, तुझ्याइतकं पाठ कुणाचंच नाही, आणि एका मुलीला नोकरी लागली असं वर कळवता येईल. बाबा खूश आहेत, बोरिवली रद्द. नव्या मुली महिनाअखेरीस येतील. इंजिन तेच आहे.

घेऊ का ही नोकरी? तुम्ही सांगाल तसं.

आश्लेषा

दिवेआगर, १७ सप्टेंबर

चि. आश्लेषास अ. उ. आ.

पत्र आलं त्या दिवशी मी दिघीहून बोटीत बसलो. मनात होतं, इंजिनाचा आवाज नीट ऐकायचा आणि तुला चालीत बसवून पाठवायचा. खलाशी ओळखीचा, त्याने मला अगदी इंजिनाच्या झाकणाशी बसवलं. पलीकडे गेलो, परत आलो. तळहाताला थरथर कळली गं, कानात मात्र तीच घूंघूं. सत्तर वर्षं चालींवर जगलो, आणि ही एक चाल मला धरता आली नाही.

नको म्हणावं, तर बोरिवली. हो म्हणावं, तर त्या पोरीही तुझ्यासारख्याच दचकतील. मी कोणत्या तोंडाने सांगू? या वेळी फोनवर नाही, कागदावर 'हो' लिहितोय.

त्या मुलींसाठी एक कडवं पाठवतो:

ऐका गं पोरींनो, इंजिनाची वाणी,
धरा जरा कानी, ……

शेवटचा तुकडा मला जमला नाही. तेवढी जागा कोरी ठेवूनच शिकव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
आजोबा