एकेचाळीस प्रश्नांची वही आणि मोतीबाई

मी, पुष्पा प्रेमसिंग आडे, वय ७२, मानसशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार लोहारा, यवतमाळ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मन शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी रक्तदाब तपासून दिला. तो सोबत जोडला आहे. रक्तदाबाचा मनाशी काय संबंध, हे त्यांना विचारले नाही.

१. लोहाऱ्याचे घर मुलगा राजकुमार याला. तो पुण्यात असतो. त्याने ते विकावे. आठवण म्हणून कुलूप लावून ठेवू नये, वाळवी लागते.

२. बँकेतील ठेव राजकुमार व माझी भाची ममता यांना निम्मी निम्मी.

३. माझे तत्कालीन विभागप्रमुख यांना काहीही नाही. "बायकांच्या रडण्यावर कसली पीएच.डी.?" असे ते १९८७ साली सर्वांसमोर म्हणाले. शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये.

४. अकरा कॅसेटी, टेपरेकॉर्डर आणि एकेचाळीस प्रश्नांची वही ममताला. ती मानसशास्त्रात एम.ए. करत आहे. आमच्या गोर बंजारा बायका भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात, त्याचे हे ध्वनिमुद्रण आहे. उत्तरे माझ्याकडे नाहीत. दुःखामुळे रडणे येते, की रडण्याच्या रीतीमुळे दुःखाला वाट मिळते? घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणारा माणूस शोक कोणत्या भाषेत करतो? रीत मोडली तर शोकाचे काय होते? हे पुढच्यांनी शोधावे.

अट एकच. माझी चूक करू नये. मी तांड्यावर प्रश्नावली नेली होती: माणूस गेल्याचे दुःख एक ते पाचपैकी किती? तांड्याच्या प्रमुखाची, म्हणजे नायकाची, बायको हंसाबाई आधी बोलली, "पाच." मग सगळ्याच पाच. एकीला मी दटावले, तर म्हणाली, "हंसाबाईनं पाच सांगतले, मी तीन कायले सांगू? तिचा माणूस मोठा अन् माहा लहान व्हता काय?" ते कागद मी फाडले. फाडायला नको होते.

५. पुस्तके महाविद्यालयाला. पावती घ्यावी.

६. वहीतील शेवटचा प्रश्न माझ्याविषयी आहे, म्हणून इथे खुलासा करते. तीन वर्षांपूर्वी माझे पती प्रेमसिंग गेले. त्यांची बहीण मोतीबाई बोरी अरबजवळच्या तांड्यावरून आली, दारातच माझ्या गळ्यात पडून रडू लागली. मी तिचे हात सोडवले व म्हटले, "मोतीबाई, आवाज कमी करा. शेजारच्या मुलीची परीक्षा आहे."

ती म्हणाली, "भाभी, भाऊ माहा मेला. रेडिओ नाही लावला मी."

पाणीही न पिता ती परत गेली. त्यानंतर आली नाही. मी रडले नाही. आजपर्यंत नाही. का नाही, हाच तो शेवटचा प्रश्न. झोप लागते, जेवण जाते, पेपर वाचते. काही वाटत नाही. ही तक्रार नाही, नोंद आहे.

७. माझ्या मृत्यूनंतर मोतीबाईंना निरोप द्यावा व माझ्या देहाजवळ हवे तितके रडू द्यावे. आवाजावर कोणीही हरकत घेऊ नये.

कलम ७ रद्द. कारण: साक्षीसाठी आलेल्या शेजारीण बेबीताईंनी ते वाचले आणि त्या म्हणाल्या, "मॅडम, त्या तं गळ्यात पडतीन. पण तुमचे हात कोण उचलन?"

सुधारित कलम ७. मी येत्या रविवारी सकाळच्या एसटीने बोरी अरबला व तिथून तांड्यावर जाईन. मोतीबाईंच्या दारात उभी राहीन आणि हात आधी मी पुढे करीन. त्यांनी दार लावून घेतले तर तो त्यांचा हक्क. मला रडू येईल, असे मी लिहून देत नाही. मृत्युपत्रात जिवंतपणीचे काम लिहीत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिले, म्हणजे मला जावे लागेल.

खाडाखोड माझीच आहे.

ठिकाण: लोहारा, यवतमाळ
गुरुवार, दि. २० नोव्हेंबर २०२५

सही: पुष्पा प्रेमसिंग आडे

समक्ष सही पाहिली:
१. बेबीताई गावंडे, शेजारी
२. रामराव इंगोले, निवृत्त ग्रंथपाल