‘येतो’ म्हणून निघालो

१३ सप्टें. ८६, शनिवार
याला वाळवंट म्हणतात! झाडं, झुडपं, दगड, टेकड्या, ससेसुद्धा. वाळू कुठाय? शाळेत घोकलेल्या कवितांत उंट होता, मृगजळ होतं, तहानेने व्याकुळ झालेला पांथस्थ होता. इथे पांथस्थाला तहान लागूच देत नाहीत. डोरोथीबाई, म्हणजे ह्या राखीव वाळवंटातल्या शनिवारच्या फेरीच्या म्होरक्या, दर वळणावर ओरडतात, “ड्रिंक वॉटर, फोक्स!” प्यायलं नाही तर उभ्या राहून बघतात. लहानपणी एरंडेल देताना आई अशी बघायची.

आमच्या कऱ्हाडला वाळवंट म्हणजे कृष्णेचं. संध्याकाळी पाय पसरून बसायचं. गार वाळू, पलीकडे…

असो. फेरीत माझं नाव शैलाने घातलं, मला विचारलंही नाही. “बाबा, किती दिवस छताकडे बघत बसणार?” मुलीच्या घरी राहायचं म्हणजे छतही जावयाचंच.

२० सप्टें., शनि.
पाय कमी दुखले. रांगेत मी सर्वांत मागे आणि माझ्या मागे वॉल्ट. त्याचं कामच ते. कुणी रेंगाळलं, वाट चुकलं तर बघायचं. शेवटचा माणूस निघाल्याशिवाय ह्याने हलायचं नाही. माझ्याच वयाचा, रेल्वेतून रिटायर. अशा माणसाला मराठीत काय म्हणावं? शेपूट म्हटलं तर अपमान. पिछाडीचा शिलेदार म्हणू.

चढावर भुजंगप्रयात बरं पडतं. ल गा गा, ल गा गा: एक पाऊल आखूड, दोन लांब. वॉल्टला शिकवलं. उच्चार भयंकर, पण पाऊल बरोबर टाकतो. म्हटलं, ह्या वृत्ताचं नाव सापाच्या चालीवरून पडलंय. ‘स्नेक’ एवढंच ऐकून तो दोन हात मागे उडाला. “व्हेअर?”

मला तो डॅटू म्हणतो. दत्तू म्हणणारं आता कुणी उरलं नाही, म्हणून मीच सांगितलं. डॅटू तर डॅटू.

२७ सप्टें.
आज फेरी नाही, श्रमदान. बाहेरून आलेलं गवत उपटायचं. ते म्हणे इथल्या झाडांचं पाणी पितं आणि पसरत जातं, म्हणून मुळासकट काढा. डोरोथीबाई हे सगळं माझ्याकडे बघत सांगत होत्या. त्यांच्या मनात काही नसेल. गवत हातात घेतलं तर थेट आपल्या अंजनासारखं, माणदेशात गुरं मिटक्या मारत खातात ते. पाटबंधारे खात्यात जन्म गेला, पाणी देत. म्हातारपणी हे.

कंबर धरली. हातमोज्यांतूनही कुसळं टोचली. शैला म्हणाली, “नको असेल तर सोडून द्या.” मी ‘बघू’ म्हटलं. आता शुक्रवारपासूनच काठी, टोपी दाराशी काढून ठेवतो, हे तिला कशाला सांगा.

४ ऑक्टो., शनि. दुपारी
छान फेरी. अर्धीच झाली. पायवाट डांबरी रस्त्याला लागते तिथे जावईराव वळणाआड गाडी लावून हजर. देशपांड्यांकडे जेवण. जावईबापूंना जेवायला कधी उशीर होत नाही, एवढा एक गुण. डोरोथीबाई पुढे निघून गेलेल्या, न सांगता कसं जायचं, म्हणून वॉल्टला सांगितलं, “ओके वॉल्ट, आय ॲम कमिंग.” तो म्हणाला, “शुअर डॅटू, टेक युअर टाइम.” किती सभ्य माणूस.

देशपांड्यांकडे श्रीखंड. वेलची जास्त.

त्याच दिवशी, संध्या.
अनर्थ.

दुपारचं लिहून वही मिटतो तो फोन खणखणतोय. डोरोथीबाई. आवाज बसलेला. “इज ही अलाइव्ह?”

वॉल्टला वाटलं, मी खडकाआड लघवीला गेलोय. उन्हात उभा राहिला. मग हाका. मग डोरोथीबाईंनी सगळी रांग मागे फिरवली. मग पोलीस. वॉल्ट ऐकेना, मला शोधायला घळीत उतरला आणि घसरून त्या चोया निवडुंगावर पडला. नुसता धक्का लागला तरी अंगाला चिकटून बसणारं ते निवडुंग. तळहातभर काटे. दवाखान्यात चिमट्याने काढले.

शैला: “बाबा, तुम्ही त्याला नेमकं काय सांगितलंत?”
“येतो म्हणालो.”
“इंग्रजीत?”
“मग काय मोडीत?”
ती खुर्चीत बसलीच. ज.राव आधी खो खो हसले. मग तिचं तोंड पाहून पाणी आणायला गेले.

५ ऑक्टो.
काय चुकलं माझं? आपल्याकडे कुणी ‘जातो’ म्हणतं का? शाळेला निघताना मी एकदा म्हणालो होतो. आईने उंबऱ्यावरून परत आणून, पाटावर बसवून, पुन्हा निघायला लावलं. माणूस ‘येतो’ म्हणून निघतो. जातो तो एकदाच, आणि तेव्हा सांगत नाही.

शैलाला घेऊन वॉल्टकडे गेलो. हाताला बँडेज, बोटं सुजून भेंडीएवढी. मान वर होईना माझी. शैलाने ‘येतो’ची सगळी फोड करून सांगितली. तो विचारात पडला. म्हणाला, “म्हणजे निघताना तुम्ही ‘येतोय’ म्हणता. मग खरोखर येत असाल तेव्हा?”
मी म्हटलं, “तेव्हा ‘आलो’ म्हणतो.”
“पोचल्यावर?”
“नाही. निघायच्या आधी.”
वॉल्ट बायकोकडे वळून म्हणाला, ह्या लोकांनी एकमेकांना गाठलं तरी कसं! हसला. हसताना हात दुखला असणार, कळ चेहऱ्यावर दिसली. त्याने राग धरला असता तर सोपं गेलं असतं.

८ ऑक्टो.
डोरोथीबाईंचा फोन. त्यांची कमिटी ठरवेपर्यंत मी यायचं नाही. “फॉर युअर सेफ्टी.” ह्या देशात अपमानसुद्धा तुमच्या भल्यासाठी करतात.

शैला: “झालं ते बरंच झालं. बागेत बसा, टीव्ही बघा.”
बाग म्हणजे दोन कुंड्या आणि खडी.

११ ऑक्टो., शनि.
टोपी घालून तयार होतो. मग आठवलं.

घरासमोर लगागा करत फेऱ्या मारल्या. चौथ्या की पाचव्या फेरीला शेजारीण बाहेर आली, “सर, आर यू लॉस्ट?” हिलाही कळलंय की काय? नात मोना आतून ओरडली, “ही लिव्ह्स हिअर!” राहतो खरा.

शनिवार गेला तर आठवड्यात राहतं काय? सोमवारी कचऱ्याची गाडी, बुधवारी ज.रावांचं टेनिस. मी कुठे जातो, कुठून येतो, हे विचारणारा तिथे एक माणूस होता, आणि तोही मी काट्यात घातला.

१४ ऑक्टो.
वॉल्टने माझ्यासाठी रदबदली केली. कमिटी राजी. अट एकच: फेरी कुठेही सोडताना मी वॉल्टसमोर उभं राहून, स्पष्ट, मोठ्याने ‘आय ॲम गोइंग’ म्हणायचं. दर वेळी. म्हटलं नाही तर नाव कमी.

शैला: “म्हणा की! काय जातंय तुमचं?”
ही मराठी शाळेत शिकलेली मुलगी!

१६ ऑक्टो.
दोन दिवस आरशापुढे. ‘आय ॲम’पर्यंत येतं. पुढे आईचा हात दिसतो.

शैला वैतागली. “बरं, गोइंग नका म्हणू. निघतो म्हणा. आय ॲम लीव्हिंग.” कोश काढला. लीव्ह: सोडणे, त्यागणे, मागे टाकून जाणे. हे तर ‘जातो’च्या वर! “लोक ऑफिसातून निघताना रोज म्हणतात बाबा, संन्यास नाही घेत कुणी.” असतील म्हणत. त्यांना काय, त्यांच्या आयांनी पाटावर बसवलं नाही.

मोनाला विचारलं. म्हणे, “आजोबा, जस्ट से बाय.” बाय चालणार नाही, डोरोथीबाईंना ‘गोइंग’च हवंय. बिनडोक अट. आणि मी त्याहून. एका शब्दासाठी शनिवार घालवणारा म्हातारा, असं ज.राव फोनवर कुणाला तरी सांगत होते. हळू बोलायची पद्धत नाहीच ह्या घरात.

१८ ऑक्टो., शनि.
गेलो. पूर्ण फेरी. पाणी सांगतील तितकं प्यायलो. ऊन निवलंय आता. वॉल्टचा हात अजून बांधलेला. लगागा करताना एकच हात हलवतो.

मग पार्किंग. ज.राव गाडीत, शैला शेजारी. डोरोथीबाई पार पलीकडे त्यांच्या पिकअपपाशी, हाताची घडी घालून उभ्या. वॉल्ट माझ्यासमोर. मी “आय ॲम” म्हटलं. थांबलो. पुन्हा “आय ॲम.” तो वाट बघतोय. मी गेल्याशिवाय त्याला हलता येत नाही, म्हटल्याशिवाय मला. ज.रावांनी हॉर्न दिला. तिकडून डोरोथीबाई, “वेल? डिड ही से इट?”

वॉल्टने माझ्याकडे पाहिलं. काय कळलं त्याला कोण जाणे. दार उघडून मला गाडीत बसवलं, दार लावलं आणि तिकडे तोंड करून सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा ओरडला,

“डॅटू इज गॉन!”

स्वतःच्या कानांनी ऐकलं. काच अर्धी उघडी होती. अरे, गॉन काय! शैलाला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी.

आत्ता डोरोथीबाईंचा फोन येऊन गेला. आजचं चालवून घेतलं म्हणाल्या. पुढच्या शनिवारी मात्र माझं मी, माझ्या तोंडाने म्हणायचं. हे शेवटचं.

म्हणायला हवं. नाही म्हटलं तर घरी. आणि त्यांनी पुन्हा चालवून घेतलं, तर वॉल्ट दर शनिवारी मला ‘गेला’ करून टाकणार.