बाबांचं शेवटचं कोडं

दहिवली,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय रत्नदीप,

आज बाबांचा जलदान विधी झाला. सकाळी भंतेजी आले, दुपारी जेवणं आटोपली, पाहुणे गेले. लग्नानंतर पहिल्यांदाच घरी आलेला तूही पुण्याला परत गेलास.

निघताना मोरीपाशी तू विचारलंस, "ताई, बाबांनी शेवटच्या शब्दकोड्यात काय लपवलं होतं गं?"

"अर्धंच राहिलं रं."

"माझं नाव तरी काढायचे का?"

"नाय. एकदाबी नाय."

तू लहान पोरासारखा रडलास. मी तुला टॉवेल दिला.

कोडं पूर्ण झालं होतं. बाबांचा हात कापायचा, म्हणून ते सांगायचे आणि मी चौकटी आखायचे. त्यांची पद्धत तुला माहीत आहे. लपवायचा शब्द ते आधी ठरवत आणि मगच त्याच्याभोवती कोडं रचत. या वेळचे शब्द होते चादर, प्रयत्न, गादी, पथ्य. मला वाटलं, त्यांच्या आजारपणातल्या माझ्या कष्टांवरच रचलंय. प्रत्येक शब्दातली एक चौकट त्यांनी मला रंगवायला लावली होती. काल त्या चौकटींतली अक्षरं ओळीनं वाचली. र, त्न, दी, प.

मी त्यांचं अंग पुसत होते, तेव्हा त्यांच्या मनात तू होतास.

हे तुला फोनवर एका वाक्यात सांगता येईल. मी सांगणार नाही, हे पत्रही टाकणार नाही. तू रडलास ते मला बरं वाटलं, अजून वाटतंय.

दुपारचा भात उरलाय. तो गरम करून जेवते.

तुझी,
भाग्यश्रीताई