पस्तीस एमएमची हिरवळ

२ जुलै, सकाळी ६:४०
आजपासून रोजनिशी. रोज पाच ओळी. शेजारच्या रतनसिंगबद्दल एक शब्दही लिहायचा नाही.

२ जुलै, संध्याकाळी ७
रतनसिंगने लॉन लावलं आहे. लॉन कसलं, साधी हरळी. एसटीचा रिटायर्ड ड्रायव्हर, त्याला लॉनमधलं काय कळतं. पण सहा खुर्च्या मांडल्या आणि माझ्या अंगणातली पंधरा वर्षांची बैठक उठून तिकडे गेली. अमृतरावसुद्धा. माझं काँक्रीट तापतं म्हणे. याच रतनसिंगला मी पंधरा वर्षं चहा पाजला, माझ्या पायरीवर बसवून. मला काही वाटत नाही. फक्त जेवण गेलं नाही.

५ जुलै
निर्णय झाला. काँक्रीटवर आर्टिफिशियल ग्रास. पस्तीस एमएम, मध्ये बारीक तपकिरी काड्या, म्हणजे अगदी खरं वाटतं. वीस तारखेच्या रविवारी बैठक परत माझ्याकडे. सगळ्यांना सांगून टाकलं.
निर्मला म्हणाली, अंगणात पाणी साचतं, आधी त्याचं बघा. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला बायको पाणी शिकवते. टेबल आस्थापनेचं होतं, पण खातं पाटबंधारेच.

६ जुलै
या जूनपासून पाणी साचतं हे खरं. दोष मिस्त्रीचा. ढाळ चुकवला. पंधरा वर्षांनी लक्षात आलं.
शेजारच्या भिंतीतल्या भोकाचा काही संबंध नाही. ते मी दिवाळीत बोळा कोंबून बुजवलं. अंगण धुतलं की पाणी थेट रतनसिंगच्या पेरूच्या आळ्यात. फुकट. झाड लगडलं आणि आमच्याकडे पेरू आले तीन. तत्त्वाचा प्रश्न होता. हे कुणालाच माहीत नाही.

१२ जुलै
गवत अंथरलं. दुकानदार म्हणाला होता, खालून पाणी जायला वाट ठेवा. दुकानदार सगळ्यांनाच तसं सांगतात. कडेने आणि मधोमध सोल्युशन लावून पक्कं चिकटवलं. रतनसिंग भिंतीवरून बघून म्हणाला, लई भारी दिसून राहिलं. जळतोय.

१५ जुलै
तीन दिवस पाऊस. गवतावर चाललं की पचक पचक आवाज येतो. तळपायांना मसाज. हरळीत ही सोय नाही.

१७ जुलै
वास. निर्मला म्हणते गवताचा, मी म्हणतो रतनसिंगच्या शेणखताचा. संध्याकाळी ती त्याच्याच घरी बसायला गेली. तिथे वास येत नाही म्हणे. वारा उलटा असेल.

१८ जुलै
उपाय सापडला. हळद. हिंगोलीचा माणूस, आणि आधी सुचलं नाही. मोंढ्यातून दोन किलो आणून अंगणभर शिंपडली. जंतू खलास.

१९ जुलै
गवत पिवळं पडलं. धुतल्यावर उरलेलंही पडलं. अमृतराव फाटकात थांबले, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "प्रेमानंदराव, नकली गवत वाळलं कसं हो?"
अशा माणसांना मी पंधरा वर्षं बिस्किटं खाऊ घातली.

२० जुलै, रविवार
बैठक. सगळे आले, फाटकापर्यंत. नाकाला रुमाल.
रतनसिंग चपला काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत आला. भिंतीकडचा कोपरा उचकटला, हात घातला आणि बोळा ओढून काढला. पाणी घळाघळा त्याच्या हरळीत गेलं. त्याने बोळा पिळला, झटकला. निर्मलाने लगेच ओळखला.
"हे तर तुमचं बनियान हाय. दिवाळीपासून हुडकून राहिले मी."
मी आभाळाकडे बघत होतो. रतनसिंगने बनियान माझ्या दोरीवर वाळत घातलं.
"उंदरानं नेलं असंल, साहेब. चला समदे आमच्याकडं. च्या झाला."
भयंकर राग आला. एवढं मोठं मन दाखवायला त्याला कुणी सांगितलं होतं? ते तरी माझ्याकडे जास्त असायला हवं होतं.

३ ऑगस्ट
गवत खरवडून काढलं. अर्धं काँक्रीटलाच राहिलं.
बैठक रतनसिंगकडे. मीही जातो. भिंतीलगत हरळी सगळ्यात दाट झाली आहे. पाणी माझं, म्हणजे एका अर्थी ते लॉन माझंच.
आज उशीर झाला. पोचलो तेव्हा अमृतराव माझ्या भिंतीकडच्या खुर्चीत बसायच्या बेतात होते. रतनसिंगने त्यांना थांबवलं. "ती साहेबांची जागा हाय," म्हणाला, त्यांना आपली खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसला. सहाच खुर्च्या आहेत.
माझ्याकडेही तो पायरीवरच बसायचा. तेव्हा मात्र खुर्च्या सात होत्या. सातवीवर मी पाय ठेवत असे.
उद्या ती त्याच्याकडे नेऊन द्यावी म्हणतो. पावसाने उघडीप दिली तर.